कठड्यासकट टोपली

टोपली सकाळी सव्वानऊला पुरी झाली, आणि साडेनऊला काकांच्या लक्षात आलं की ती कठड्यासकट पुरी झाली आहे.

आधी त्यांना वाटलं, कुठेतरी अडकली असेल. त्यांनी दोन्ही हातांनी काठ धरून जरा ओढली. टोपली दोन बोटं पुढे आली आणि थांबली. मग त्यांनी पाय रोवून जोर लावला, तेव्हा गॅलरीचा अख्खा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरला. काका खाली बसले, चष्मा लावला, टोपलीच्या बुडामागे डोकं घातलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही.

टोपली दृष्ट लागण्यासारखी झाली होती. कमरेइतकी उंच, कवेत मावणार नाही एवढी रुंद, पिवळ्या, निळ्या आणि काळ्या पट्ट्यांची. आडवी पडून होती, बूड कठड्याला टेकलेलं आणि तोंड जिन्याकडे. पण तिच्या बुडातून कठड्याचा एक लोखंडी गज असा गेला होता, जसा काही तो तिचाच अवयव. पहिल्या आठ पट्ट्या काकांनी त्या गजाभोवतून घेतल्या होत्या आणि पुढचं सगळं विणकाम त्या आठांवर उभं होतं.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. काका एका कारखान्याच्या माल रवाना करायच्या खात्यात बत्तीस वर्षं होते. खोक्यांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळायच्या, हे काम. तिथं भिंतीत एक हूक होता. पट्टी त्यात अडकवायची, अंगाचा सगळा भार टाकून ताणायची, ताण बसला की हुकातून सोडवायची. पट्टी हवेत धरून कुणी ताणत नाही, असं काका नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगत. घरी हूक नव्हता, म्हणून त्यांनी कठड्याचा गज धरला. हुकाचं तोंड उघडं असतं आणि गज वर आणि खाली दोन्हीकडे जोडलेला असतो, हा बारीक फरक चार दिवसांत एकदाही त्यांच्या डोक्यात आला नाही. हातांना सवय असली की डोकं आरामात असतं.

त्यांनी बांधलेलं एकही खोकं बत्तीस वर्षांत वाटेत सुटलं नव्हतं. घरीही तोच खाक्या. रद्दीचा गठ्ठा असा बांधत की रद्दीवाला वजन करण्याआधी पाणी मागे. त्यावरून सगळ्या सोसायटीत त्यांना घट्टकाका म्हणत. पण त्यांच्या मनात एक सल होता. कितीही सुरेख बांधा, माल जिथे पोचतो तिथे लोक पहिलं काय करतात, तर पट्टी कापून कोपऱ्यात फेकतात. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना भेट दिली, ती भेटसुद्धा पट्टीनं आवळलेली. सगळे टाळ्या वाजवत उभे आणि काकांनी आपल्याच हातानं ती पट्टी कापली. आत निघाला पट्टी कापायचा कटर, मुठीवर त्यांची खात्यातली वर्षं कोरलेली. त्या दिवशी ती कापलेली पट्टी त्यांनी गुपचूप खिशात घालून घरी आणली.

मग दुसरी आणली, मग दहावी. दुकानांच्या मागे, बांधकामांच्या कडेला, कचऱ्याच्या पेटीशेजारी, जिथे पट्टी दिसेल तिथे काका वाकू लागले. वर्षभरात पलंगाखाली पट्ट्या, माळ्यावर पट्ट्या, न्हाणीघराच्या दारामागे पट्ट्यांची भेंडोळी. एकदा रात्रीच्या अंधारात नव्हे, चांगल्या भर दुपारी काकूंच्या पायात भेंडोळं अडकलं आणि त्या हातातल्या पिठाच्या डब्यासकट बसल्या.

त्या दिवशी काकूंनी निकाल दिला. वाचनालयाच्या सभागृहात टाकाऊतून टिकाऊ वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. "पट्ट्यांची टोपली विणा. ती तिथं घेतली, तर पट्ट्या घरात राहतील. नाही घेतली, तर त्याच दिवशी पाच वाजता भंगारवाल्याला बोलावलंय. आणि विणायचं ते बाहेर गॅलरीत. माझ्या घरात आता एक पट्टी येणार नाही."

प्रदर्शनात वस्तू आणून द्यायची वेळ आज दुपारी बारापर्यंत होती. काकांनी बुडामागून डोकं काढलं तेव्हा दहा वाजायला आले होते.

"झाली का?" आतून काकूंचा आवाज आला.

"झाली."

"मग आणा की आत. बघू तरी."

"ती... येत नाहीये."

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी टोपली पाहिली, गज पाहिला, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"अहो, हिला कठड्यावर विणलंत?"

"विणली टोपलीच. कठडा मधे आला."

"कठडा पहिल्यापासून इथंच आहे! तो कुठला मधे येतोय?" काकूंनी कपाळाला हात लावला. "सोडवा आता."

"सुटायची नाही. प्रत्येक टोक विणीच्या तीन तीन घरांखालून मागं वळवून खोचलंय. उलगडायचं म्हटलं तर चार दिवस जातील."

"मग कापा त्या आठ पट्ट्या आणि टाका मोकळं करून."

त्या आठ पट्ट्या कापल्या की टोपली आज नाही तर उद्या बुडाकडून उसवत जाणार, हे काकांना दिसत होतं. काकू आत गेल्या. भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजू लागली.

नेमके त्याच वेळी सेक्रेटरी जिना चढून वर आले. हे सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यात पडलेलं कागदाचं कपटंही ते आधी कुणाचं आहे ते विचारत आणि मगच उचलायला लावत. ते टोपलीसमोर उभे राहिले.

"काका, कठड्याला खाजगी वस्तू बांधायला मनाई आहे. नोटीस लावलीय खाली."

"वाचलीय मी. काढतोच आहे."

सेक्रेटरींनी टोपली एका हातानं ओढली. मग दोन हातांनी ओढली. मग तांबडे होऊन म्हणाले, "काढा म्हणजे, आत्ता काढा. वरच्या दाताच्या डॉक्टरांची खुर्ची खाली न्यायचीय आज."

वरच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. पेशंट तीन जिने चढेपर्यंत दात दुखायचा थांबतो आणि लोक परत जातात, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून आज ते रस्त्यालगतच्या जागेत दवाखाना हलवत होते. बाकी सगळं गेलं होतं. राहिली होती ती मोठी खुर्ची, जिच्यात बसलं की माणसाचे पाय आपोआप वर आणि डोकं खाली होतं. आणि वरून येणारा जिना सरळ उतरून काकांच्या गॅलरीत, म्हणजे नेमका टोपलीच्या तोंडाशी संपत होता.

"सेक्रेटरीसाहेब, असं करू," काका म्हणाले. "गज कापू. एकच आहे. नंतर जोडून घेऊ."

"सोसायटीचा गज?" सेक्रेटरींनी असं विचारलं, जसं कुणी त्यांचं बोट मागितलं आहे. "मागच्याच वर्षी माझ्या देखरेखीखाली नवा कठडा झालाय. एकेक गज मी स्वतः हलवून बघितलाय! टोपली कापा."

"टोपली नाही कापायची."

"मग गज नाही कापायचा."

एवढ्यात वरून घरंगळल्यासारखा आवाज आला आणि हमालांचा मुकादम चार पायऱ्या खाली उतरला. त्याच्या मागे, जिन्याच्या मधोमध, दोन लांब फळ्यांवर ती खुर्ची येऊन थांबली होती. वर दोघं हमाल दोरी धरून उभे होते.

"साहेब, वाटेत हे काय ठेवलंय? खुर्ची वळायची कुठनं?"

"पाच मिनिटं थांबा. निघतंय," सेक्रेटरी म्हणाले.

"पाच मिनिटं धरून उभं राहायचं? हात भरून येतील पोरांचे. अरे, दोरी बांधून टाका रे कठड्याला!"

हमालांनी दोरी वरच्या कठड्याला गुंडाळून गाठ मारली आणि हात झटकत ते पायरीवर बसले. काकांनी खालूनच मान वर करून ती गाठ पाहिली. एवढ्या गडबडीतही त्यांना राहवलं नाही.

"मुकादम, ती गाठ बसायची नाही. दोरी गुळगुळीत आहे. घसरणार."

"काका, वीस वर्षं हेच करतोय आपण."

"मी बत्तीस वर्षं करतोय. घसरणार."

"तुम्ही आधी तुमची टोपली बघा!" मुकादम हसून म्हणाला. आपली गाठ कठड्यात अडकलेली असताना दुसऱ्याच्या गाठीला नाव ठेवू नये, हे काकांनाही पटलं.

पाच मिनिटांचा तास झाला. सेक्रेटरींनी साबणाचं पाणी सुचवलं, मुकादमानं तेल सुचवलं. काकांनी दोन्ही लावून पाहिलं. टोपली न्हाऊन माखून आणखी चकचकीत झाली, पण हलली नाही. डॉक्टर वरच्या पायरीवरून डोकावून म्हणाले, "मुळाशी सैल करून हळूहळू हलवत राहा," आणि कुणीच ऐकत नाही हे पाहून आत गेले. खाली कुणीतरी जिन्यात खोळंबून ओरडू लागलं. सव्वाअकरा झाले.

"काका, आता फार झालं," सेक्रेटरी म्हणाले. "एका टोपलीपायी सगळ्या सोसायटीला वेठीला धरू नका."

ते मात्र काकांना लागलं. जन्मभर त्यांच्यामुळे कुणाचा माल अडला नव्हता. ते उठून घरात गेले आणि कपाटातून कटर घेऊन बाहेर आले. तोच, मुठीवर वर्षं कोरलेला. टोपलीशेजारी ते गुडघे टेकून बसले. पहिली पिवळी पट्टी त्यांनी बोटानं चाचपली. ती ओळखीची होती. निरोपाच्या भेटीवर होती ती हीच. तिच्यापासूनच त्यांनी बुडाची सुरुवात केली होती. त्यांनी कटरचं पातं तिच्याखाली सरकवलं.

"थांबा."

काकू दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि नवऱ्याच्या हातातून कटर काढून घेतला.

"बत्तीस वर्षं तुम्ही बांधलंत आणि लोकांनी कापलं. आता ते कामही तुम्हीच करणार?"

"अगं, पण तूच म्हणालीस ना, कापा म्हणून."

"मी रागानं म्हटलं. रागानं म्हटलेलं सगळं ऐकायला लागलात कधीपासून?" काकू सेक्रेटरींकडे वळल्या. "ही टोपली कुणी कापायची नाही. गज कापा, नाही तर खुर्ची परत वर न्या. नाही तर दात काढायला लोकांना जिन्यात बसवा. मला काही सांगू नका."

"काकू, नियम म्हणजे नियम!" सेक्रेटरींचा आवाज चढला. "आणा तो कटर इकडे. मी कापतो!"

त्यांनी हात पुढे केला. काकूंनी कटर पाठीमागे घेतला. आणि वर, शांतपणे, कुणालाही न विचारता, दोरी घसरली.

आधी फक्त सुर्र असा आवाज झाला. मुकादमानं मान वळवली आणि ओरडला, "बाजूला व्हा!" काकांनी काकूंना दाराकडे ढकललं, मुकादमानं सेक्रेटरींना कॉलरला धरून भिंतीशी ओढलं. दाताची खुर्ची फळ्यांवरून पाय पुढे करून, मागे रेलून, ऐटीत खाली आली. वाटेत तिला अडवायला कुणी नव्हतं. समोर होती फक्त टोपली, तोंड उघडून बसलेली.

खुर्चीचे पाय सरळ टोपलीत गेले. टोपली करकरली. एकदा लांबट झाली, मग पसरट झाली, आणि मग काकांनी आयुष्यात कितीदा तरी ऐकलेला, पट्टीवर पुरता ताण बसल्याचा तो टण्ण आवाज आला. त्यापाठोपाठ मोठ्यानं कडाड झालं.

सगळं थांबलं. खुर्ची टोपलीत पाय घालून गॅलरीत उभी होती. अर्धी पायरीवर, अर्धी जमिनीवर.

"मोडला!" सेक्रेटरींना आधी आवाज फुटला. "कठडा मोडला! बघा, गजाचं वरचं टोक सुटलं!"

गज खरंच वरून निखळून बाहेरच्या बाजूला वाकला होता. मुकादम भिंतीपासून सुटून कठड्याशी गेला आणि खाली चौकात वाकून पाहू लागला.

"साहेब, ती लाल स्कूटर कुणाची हो? नवीकोरी दिसतेय."

कठड्याच्या बरोब्बर खाली, सावलीत, सकाळीच धुऊनपुसून उभी केलेली ती स्कूटर सेक्रेटरींचीच होती.

"नाही, म्हटलं," मुकादम डोक्याला हात लावून म्हणाला, "टोपली नसती, तर या कठड्यानं काय खुर्ची अडवली असती? गज तर एका धक्क्यात सुटला. खुर्ची थेट स्कूटरवर बसली असती."

सेक्रेटरींनी खाली पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि देखरेखीखाली झालेल्या कठड्याकडे बघायचं मात्र टाळलं. मग पायरीवर बसले. काकूंनी त्यांना पाणी आणून दिलं.

काकांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. हमालांनी खुर्ची मागे ओढल्याबरोबर ते टोपलीपाशी बसले. एकेक पट्टी बोटानं तपासत काठापासून बुडापर्यंत गेले. आठांपैकी एकही तुटली नव्हती. काठावर एक ओरखडा होता, बस. मग त्यांनी टोपली दोन्ही हातांनी धरली, वर उचलली, आणि ती निखळलेल्या गजाच्या मोकळ्या टोकावरून बांगडी निघावी तशी अलगद बाहेर आली.

"निघाली," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"निघाली काय, पळा!" काकू ओरडल्या. "बाराला वीस कमी आहेत!"

"आणि आमची खुर्ची?" मुकादम काकांच्या वाटेत उभा राहिला. "काका, तुमच्या त्या पट्ट्या मिळतील का चार? दोरीवर आता पोरांचा भरवसा नाही."

काका घड्याळाकडे न पाहता पलंगाखाली शिरले. तीन मिनिटांत त्यांनी खुर्ची अशी आवळून दिली की मुकादमानं बोटानं वाजवून पाहिली आणि कानाला हात लावला. ती खाली विनातक्रार गेली. डॉक्टरांनी नव्या जागेत ती सोडवायला संध्याकाळपर्यंत किती झटापट केली, तो भाग निराळा.

वाचनालयाच्या रस्त्यानं त्या दिवशी मोठी मिरवणूक गेली म्हणायला हरकत नाही. पुढे टोपलीची एक बाजू धरून काका, दुसरी धरून काकू, आणि मागून सेक्रेटरी. ते का येत आहेत, हे त्यांना कुणी विचारलं नाही. बाराला दोन मिनिटं असताना तिघं ग्रंथपालबाईंच्या टेबलापुढे उभे राहिले. प्रदर्शनाचं सगळं या बाईंकडेच होतं.

बाईंनी टोपली फिरवून फिरवून पाहिली. काठावर त्यांचं बोट थांबलं. "इथं ओरखडा आहे. वापरलेली वस्तू आम्ही घेत नाही हो. नवी हवी."

काकांचा चेहरा उतरला. काकू पुढे होणार, तोच सेक्रेटरी टेबलावर हात टेकून उभे राहिले.

"वापरलेली नाही, बाई. तपासलेली आहे. आमच्या सोसायटीत कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. जिन्यावरून दाताची अख्खी खुर्ची सोडून बघितलीय हिच्यावर, माझ्या समक्ष! लोखंडी गज सुटला, पट्टी सुटली नाही. लिहून देऊ?"

"द्या," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, गंमत करताहेत. सेक्रेटरींनी पेन काढलं आणि खरोखरच लिहून दिलं, तारीख, वेळ, सही आणि खिशातला शिक्कासुद्धा. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, उठल्या, दारासमोरच्या मधल्या टेबलावरचा कागदी फुलांचा, आकाशकंदिलासारखा दिसणारा डोलारा बाजूला केला आणि तिथं टोपली ठेवली. शेजारी सेक्रेटरींचा कागद टाचला. दुपारभर लोक टोपलीत हात घालून, काठ ओढून पाहत होते, आणि दर खेपेला सेक्रेटरी "जोरात ओढा, जोरात!" म्हणत होते.

परत आल्यावर काकांनी आधी कठडा बघितला. गज वाकवून सरळ केला, वरचं टोक जागेवर आणलं आणि वेल्डर येईपर्यंत तात्पुरतं म्हणून पिवळ्या-निळ्या पट्ट्यांनी शेजारच्या गजांशी विणून टाकलं. हलवून पाहिलं. इतर गज हलले, तो हलला नाही.

पाच वाजता भंगारवाला आला.

"बाई, ते पलंगाखालचं भंगार न्यायचं होतं ना?"

"कसलं भंगार?" काकू म्हणाल्या.

"तुम्हीच नाही का बोललात? पट्ट्या पट्ट्या म्हणून."

"ते सामान आहे आमचं. त्याला भंगार म्हणू नका." काकूंनी जिन्यात पडून राहिलेली हमालांची दोरी उचलून त्याच्या पोत्यात टाकली. "ही न्या. काही कामाची नाही."

आत काका वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. ते उलटं होतं. भंगारवाला जाता जाता कठड्याशी थांबला. त्यानं त्या रंगीत पट्ट्यांत बोट घालून ओढून पाहिलं, मग पोतं खाली ठेवून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"हे तरी सोडवून द्या, बाई. कशाला ठेवलंय इथं?"

"ते सुटायचं नाही," काकू म्हणाल्या, शेजारच्या दोन्ही दारांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आमच्या ह्यांनी बांधलंय."